चार कोपरे कोरडे

नाडगीर मॅडमनी चारही स्क्रू सोडवले, कूलर दोन्ही हातांनी धरून जरासा पिळला आणि वर उचलला. चप् असा बारीक आवाज झाला. त्यांनी तो उलटा करून टेबलावर ठेवला आणि आम्हांला जवळ बोलावलं.

"बघा," त्या म्हणाल्या. "मधे गोल, चार कोपरे कोरडे. हा सहावा."

मालकांच्या केबिनमधल्या त्या टेबलावर सहा कूलर पालथे पडले होते. प्रत्येकाच्या तांब्याच्या तळावर मधोमध राखाडी पेस्टचा एक गोल ठसा होता आणि कोपऱ्यांत नुसतं तांबं, लखलखीत, चिंचेनं घासल्यासारखं. मला आजही ती पेस्ट बघवत नाही. कुणी माझ्यासमोर ट्यूब पिळली की तोंडात पाणी जमतं, ओकारीच्या आधी जमतं ते.

सात वर्षं झाली या गोष्टीला. शिरोलीच्या एमआयडीसीत आमचं वर्कशॉप होतं आणि मी तिथं तपासनीस होते. आयटीआयच्या फिटर ट्रेडला सव्वीस पोरं आणि मी एकटी मुलगी, अशी शिकून आलेली. आम्ही कूलरचे तळ बनवायचो. संगणकातल्या मुख्य चिपवर धातूचं एक झाकण असतं. चिपची उष्णता त्या झाकणात येते, झाकणावर कूलर बसतो आणि त्याचा तांब्याचा तळ ती ओढून घेतो. दोघांच्या मधे पेस्टचा पातळ थर. झाकण आणि तळ नीट भिडले तर चिप थंड राहते, नाही भिडले तर तापते आणि मशीन आपलं आपण बंद पडतं. एवढंच त्यातलं शास्त्र.

पुण्याची एक कंपनी संगणकाची मोठाली मशीनं जोडायची. त्यांना आम्ही दोनशे कूलर दिले होते आणि त्यांची मशीनं वीस मिनिटांत बंद पडायला लागली होती. म्हणून त्या कंपनीकडून मॅडम स्वतः आल्या होत्या, चिप बसवलेला बोर्ड घेऊन. झाकणावर त्या एका प्लास्टिकच्या कार्डानं पेस्ट इतकी पातळ ओढायच्या की खालचा धातू दिसावा. मग कूलर बसवायचा, स्क्रू आवळायचे, परत काढायचा आणि तळाला पेस्ट कुठं लागली ते बघायचं. जिथं लागली तिथं तळ भिडला. जिथं तांबं कोरडं, तिथं फट.

"तळाला मधे पोट आलंय," मॅडम म्हणाल्या. "कोपऱ्यांत दोन केस मावतील एवढी फट आहे. हे पोट कशामुळे आलं ते कळल्याशिवाय मी पुढचं काम तुम्हांला देऊ शकत नाही. चूक पद्धतीची आहे की माणसाची?"

"माणसाची," अजितदादा म्हणाले. विचार करायलासुद्धा थांबले नाहीत.

अजितदादा खोराटे म्हणजे आमचे मालक. थोरल्या मालकांचे चिरंजीव, वडिलांच्या पश्चात खुर्चीवर बसलेले. अंगाला अत्तर आणि तोंडात मावा. पाहुणे असले की थुंकायची पंचाईत व्हायची, मग ते गिळायचे. गिळताना डोळे मिटायचे आणि मग जिभेनं दात पुसायचे. अंगठ्याला लागलेला चुना सोफ्याच्या खालच्या कडेला पुसायचे, कुणाला दिसत नाही अशा समजुतीनं. मी त्या केबिनमध्ये उभी राहायचे ती सोफ्यापासून हातभर लांब.

तर त्यांनी सांगितलेला माणूस म्हणजे हिंदुराव लोहार. सगळं वर्कशॉप त्यांना मामा म्हणायचं. एकतीस वर्षं ते त्याच सरफेस प्लेटपाशी, घासून जुळवायच्या त्या सपाट लोखंडी पाटापाशी, उभे होते. मशीनवरून आलेला तळ शेवटी हातानं घासून जुळवायचा तो मामांनीच. मला आयटीआयनं फाईल, म्हणजे कानस, धरायला शिकवली, पण ठसा वाचायला शिकवला तो मामांनी. पोलादाच्या ठोकळ्याला निळं, म्हणजे ठशाचा रंग, लावायचं, त्यावर तळ फिरवायचा, आणि निळं कुठं उमटलं त्यावरून कुठं घासायचं ते ओळखायचं. मामांना इंग्रजी ड्रॉइंग वाचता येत नसे, पण निळ्या डागाकडं एकदा बघून ते हातानं चार फेरे मारायचे आणि परत लावलं की ठसा पूर्ण यायचा.

मामांचा हात थरथरायचा, हे खरं. पण कामावर नाही. कामाचं वजन हातात आलं की तो हात दगडावर दगड ठेवावा तसा स्थिर व्हायचा. थरथरायचा तो रिकामा असला की, किंवा हलकी वस्तू अधांतरी धरली की. वर्कशॉपमध्ये चहा वाटायचं काम माझ्याकडं होतं. तपासनीस झाले तरी किटली माझ्याच हातात, कारण बाई मी एकटी. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की मामा चहा घेताना भिंतीकडं तोंड करतात. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांचा स्टीलचा पेला अर्धाच भरायला लागले. संपला की परत अर्धा. त्यांनी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. बऱ्याच दिवसांनी एकदा आपणहून म्हणाले, "कामात असला की गप बसतोय बघ हात. मोकळा दिसला की नाचतोय." आणि हसले. एवढंच आमचं त्यावर बोलणं झालं.

आता तो ठोकळा. तो होता काडेपेटीएवढा. वर्षानुवर्षं आम्ही लहान चिपचे कूलर केले, त्यांचं झाकण तेवढंच असतं आणि मधे अगदी किंचित खोलगट असतं. म्हणून कूलरच्या तळाला मधे किंचित पोट ठेवायची आमची रीत. हजारो तळ असेच गेले, कुणाची तक्रार आली नाही. पुण्याच्या नव्या चिपचं झाकण मात्र खेळायच्या पत्त्याएवढं आणि सपाट. ड्रॉइंगवर स्वच्छ लिहिलेलं, तळ पूर्ण सपाट हवा आणि सगळ्या पृष्ठभागावर जुळवून तपासलेला हवा. ते ड्रॉइंग माझ्या टेबलावर होतं.

पहिला तळ हातात घेतला तेव्हाच मामा म्हणाले होते, "पोरी, ठोकळा ल्हान पडतोय. ह्याच्यावर मधलं तेवढं कळतंय, कोपऱ्याचं कुणी बगायचं?"

मी विचारते म्हणाले आणि दादांना विचारलंही. नवा ठोकळा करून घ्यायला तीन आठवडे लागले असते. दादा म्हणाले, तारीख जवळ आलीय, जुन्यावर चालव आणि टिक मार. मी मामांना सांगितलं की दादा जुनाच चालेल म्हणाले. मामांनी मान हलवली आणि जुन्या ठोकळ्याप्रमाणं, जुन्या रितीप्रमाणं, पोट ठेवून तळ घासले. प्रत्येक कूलरबरोबर एक चिठ्ठी जायची आणि तिच्यावर एक ओळ असायची, पूर्ण पृष्ठभाग जुळवून तपासला. दोनशे चिठ्ठ्यांवर मी त्या ओळीपुढं टिक मारली आणि खाली सही केली. टिकली लावायच्या आरशात बघून साडी नीट नेसलीय म्हणावं, तसला प्रकार.

तक्रार आल्यावर, मॅडम यायच्या दोन दिवस आधी, दादांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझ्या चिठ्ठ्यांच्या आमच्याकडच्या प्रतींचा गठ्ठा पुढ्यात होता.

"वैजयंता, ह्या सह्या कुणाच्या?"

"माझ्या. पण दादा, तुम्हीच म्हणालात जुन्या ठोकळ्यावर..."

"मी म्हणालो होय? कुठं लिहून दिलंय?"

 मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, आणि त्या मऊ आवाजाची मला रागावण्यापेक्षा जास्त शिसारी आली. माझ्या नोकरीचं कायमचं पत्र म्हणे टाइप करून तयार होतं, नुसती सही राहिली होती. तीन वर्षं मी त्या पत्राची वाट बघत होते. त्यांनी तोंडातला मावा या गालातून त्या गालात नेला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "मामांचं वय झालं आता. हातबित थरथरतो का त्यांचा?"

"चहा पिताना थरथरतो," मी म्हणाले.

तीन शब्द. त्यात खोटं काही नव्हतं. दादांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि म्हणाले, मॅडम असेपर्यंत तो ठोकळा बाहेर दिसायला नको. मी जाऊन तो माझ्या खणात, हात पुसायच्या कॉटन वेस्टच्या चिंध्यांखाली, घालून ठेवला. हात धुतले. दोनदा धुतले तरी निळं नखांत राहिलंच.

आणि आता मॅडम समोर बसल्या होत्या, सहा पालथे कूलर घेऊन. पद्धतीची चूक म्हटलं तर ती दादांची आणि माझी. माणसाची म्हटलं तर मामांची, एकतीस वर्षांच्या हाताची. वड्याचं तेल वांग्यावर निघणार होतं, आणि वांगं बाहेर सरफेस प्लेटवर मान खाली घालून काम करत होतं.

"मामांना बोलवा," दादा म्हणाले. "आणि वैजयंता, चहा सांग सगळ्यांना."

मामा पँटला हात पुसत आत आले. त्या सोफ्यावर ते कधी बसले नव्हते. मॅडमनी आग्रह केला, बसा ना काका, म्हणून ते कडेला टेकले. मॅडमनी एक कूलर त्यांच्या हातात दिला. हात अजिबात हलला नाही. त्यांनी तो खिडकीकडं धरला, तिरपा केला, डोळ्याजवळ आणला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जरासं हसू आलं. ओळखीचं माणूस भेटल्यावर येतं तसलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "मधे पोट हाय."

"हो ना. पण ते आलं कसं, काका?"

"आलं न्हाई बाई. ठेवलंय."

"ठेवलंय?" मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मुद्दाम? कुणी?"

"आमच्यात ठेवत्यातच. ल्हान झाकणाला लागतंय ते. हे झाकण मोठं हाय, सपाट हाय, ह्याला नको हुतं. मी पयल्याच दिशी म्हणलं हुतं, आपला ठोकळा..."

दादा खोकले, खोकतच राहिले आणि उगीचच खुर्चीत सरळ झाले. मी ट्रे घेऊन आत आले. मी मधे शिरले आणि मॅडमच्या आधी, दादांच्या आधी, कपबशी मामांच्या पुढं केली.

"मामा, चहा," मी म्हणाले.

त्यांना कूलर खाली ठेवावा लागला. त्यांनी बशी धरली, आणि धरल्या क्षणी कप खडखडायला लागला. चहा बशीत सांडला, बशीतून पँटवर, टेबलावर, मॅडमच्या कागदावर. त्यांनी दुसरा हात लावला तर दोन्ही थरथरायला लागले. पालथ्या कूलरच्या राखाडी ठशात चहाचा ओघळ गेला आणि त्याचा घाणेरडा लगदा झाला.  केबिनमध्ये नुसता कपाचा खडखडाट. शेवटी मामांनी कपबशी टेबलावर ठेवली, पुढं सांडलेल्या चहाकडं बघितलं, मग कपाकडं बघितलं आणि खालच्या आवाजात काहीतरी पुटपुटले. कुणी लक्ष दिलं नाही.

"राहू द्या मामा, राहू द्या," दादा म्हणाले आणि मॅडमकडं झुकले. आवाज खाली आणला, पण मामांना ऐकू जाईल एवढाच. "हात हलला की कडा जास्त घासल्या जातात आणि मधे पोट राहतं. आता लाजेखातर म्हणतात की ठेवलंय. वडिलांच्या वेळचे आहेत, जा म्हणवत नाही हो."

मॅडम हुशार बाई होत्या. त्यांनी एवढ्यावर सोडलं नाही. "काका, तुम्ही काहीतरी सांगत होता. ठोकळ्याचं?"

मामांनी मान वर केली. दादांकडं नाही बघितलं. माझ्याकडंही नाही, माझ्या हातातल्या ट्रेकडं बघितलं.

"काय न्हाई," ते म्हणाले.

"एखादा तळ घासून दाखवता का आमच्यासमोर?"

"नको मॅडम, कशाला त्यांना आणखी त्रास," दादा म्हणाले.

इथंच मी एक वाक्य बोलायला हवं होतं. घासू दे त्यांना, एवढंच. प्लेटवर हात ठेवला असता तर मॅडमना दोन मिनिटांत कळलं असतं की हा हात असले दोनशे तळ सपाट करून देऊ शकतो, हवे तसे. मी ट्रे धरून उभी राहिले. मॅडमच्या चेहऱ्यावर दया आली. म्हातारा माणूस, कापणारा हात, भला मालक, सगळं त्यांना एकदम पटलं. मला त्या दयेचीसुद्धा किळस आली. त्यांनी ओल्या कागदाच्या कोरड्या बाजूला लिहून घेतलं की हातानं घासणं बंद करावं आणि ग्राइंडिंग मशीन वापरावं. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, तपासणीला एक मुलगी आहे हे बघून बरं वाटलं. मी हसले. दात दिसतील असं हसले.

पुढच्या सोमवारी मामांना शाल आणि नारळ दिला. दादांनी भाषण केलं. मामा म्हणजे या वर्कशॉपचा पाया, वगैरे. मधेच मावा गिळला, डोळे मिटले, तर पोरांना वाटलं मालकांना गहिवरून आलंय. दोघातिघांनी डोळे पुसले.  मामांनी शाल घेतली, नारळ पिशवीत टाकला, प्लेटवर एकदा फडकं फिरवलं, तिच्यावर लाकडी झाकण घातलं आणि गेले. नारळ देऊन दादांनी हात जोडले होते तेव्हा मामांचे हात पिशवीत अडकले होते.

मग त्याच महिन्यात नवा ठोकळा आला. पत्त्याएवढा आणि सपाट. तीन आठवडे काही लागले नाहीत, बारा दिवसांत आला. दोनशे तळ परत मागवून मशीनवर सपाट केले, नव्या ठोकळ्यावर जुळवले. पहिलाच तळ लावून बघितला तर ठसा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, कुठंही कोरडं नाही. पुण्याची मशीनं चालायला लागली. मॅडमचं पत्र आलं, अभिनंदनाचं. मला माझं कायमचं पत्र मिळालं.

ही गोष्ट मी बऱ्याच जणांना सांगितलीय. नवऱ्याला सांगितली, बहिणीला सांगितली. पुढं ते वर्कशॉप सोडून मी कागलच्या एका ट्रेनिंग सेंटरात शिकवायला लागले, तिथल्या पोरापोरींना तर दर वर्षी सांगते, ठोकळा मापाचा असावा म्हणून. ऐकून सगळे दादांना शिव्या घालतात. म्हाताऱ्याच्या हातात मुद्दाम कप दिला, काय हलकट माणूस म्हणायचा. मी हो म्हणते. दादा हलकट होतेच, त्यात काही शंका नाही. खापर फोडायला डोकं मिळालं की त्यांना बरं वाटायचं.

पण दादा फक्त म्हणाले होते, चहा सांग सगळ्यांना. त्याच्या पुढचं त्यांना सुचलंही नसतं. एकतीस वर्षांत त्या घरानं मामांबरोबर एक घोट चहा घेतला नव्हता. मामा कसा पितात, भिंतीकडं तोंड का करतात, पेला अर्धा का लागतो, हे त्या वर्कशॉपमध्ये फक्त मला ठाऊक होतं.

केबिनच्या बाहेरच्या बोळात, उघड्या दारातून आतलं दिसेल असं, स्टूल होतं. त्यावर किटली ठेवून मी तीन कप भरले. मॅडमचा दोन बोटं कमी, दादांचा तसाच. मामांचा सवयीनं अर्धा. हात आपोआप थांबला अर्ध्यावर. ट्रे उचलणार तेवढ्यात आतून मामांचा आवाज आला, मी पयल्याच दिशी म्हणलं हुतं. मला पुढचा शब्द माहीत होता. मी ट्रे परत ठेवला, किटली उचलली आणि मामांचा कप काठोकाठ भरला. वर फुगवटा येईपर्यंत भरला. मग आत गेले. दादांनी मला खूण केली नव्हती, डोळ्यानंसुद्धा नाही.

आणि मामा जे पुटपुटले ते कुणी ऐकलं नसेल, पण मी ऐकलं. "आज भरून आणलास व्हय, पोरी," असं ते म्हणाले.

दिवाळीनंतर मी त्यांच्याकडं गेले. टोप गावात त्यांचं घर. जाताना नवा ठोकळा पिशवीत घातला होता, का ते विचारू नका. मामांनी मागितलेला ठोकळा शेवटी आला, हे त्यांना दाखवावं आणि त्यातच सगळं मिटावं, असलं काहीतरी डोक्यात असणार. एक वाक्यही ठरवून ठेवलं होतं. बसमध्ये ते मनात चारदा म्हणून बघितलं.

मामा अंगणात बसून गावातल्या बायकांचे विळे पाजवत होते. दगडावर विळा सरकत होता, एका लयीत, आणि हात तसूभर हलत नव्हता. बस म्हणाले. मी ठोकळा पुढं केला. त्यांनी पाणी निथळू दिलं, हात पुसले, ठोकळा घेतला आणि चारी कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. घाई केली नाही.

"चांगला झालाय," ते म्हणाले आणि परत दिला.

माझं वाक्य काही बाहेर येईना. मी मामींना घर छान आहे म्हणाले, तुळस छान आहे म्हणाले. मामांनी दादांचं नाव काढलं नाही, मॅडमचं काढलं नाही. माझी आई कशी आहे ते विचारलं. मी कायम झाले का ते विचारलं. हो म्हटल्यावर, बरं झालं म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले, हे सगळ्यांत वाईट होतं.

मामी चहा घेऊन आल्या. मामांना त्यांचा पेला, अर्धा. मला कप, तोही अर्धाच, कारण मी न सांगता आले होते आणि दूध तेवढंच होतं. मामांनी माझ्या कपाकडं बघितलं.

"तिला भरून दे," ते मामींना म्हणाले. "तिचा हात न्हाई थरथरत."

मामींना काही कळलं नाही. त्या लगबगीनं आत गेल्या, मामांच्या दुसऱ्या अर्ध्याचा राहिलेला चहा आणून माझ्या कपात ओतला आणि कप काठोकाठ भरला. मामा परत विळ्याकडं वळले.

मी बशीसकट कप उचलला आणि सगळा चहा प्यायले. एक थेंबही सांडला नाही.